लाखाचा प्लेअर आणि चादरीमागचे दोन नॉब

स्वस्तातला सीडी प्लेअर आणि लाखाच्या घरातला सीडी प्लेअर यांत फरक काय, असं मला पुष्कळ जण विचारतात. फरक आहे. स्वस्तातला उघडताना माझा हात स्थिर असतो, महागातला उघडताना थरथरतो. पेचकस घसरला आणि त्या चकचकीत अंगावर ओरखडा उठला तर मी स्वतःला विकूनही भरपाई होणार नाही, ही धास्ती. बाकी आवाजातला फरक म्हणाल, तर तो ज्याने पैसे मोजले त्याला ऐकू येतो. ज्याने मोजले नाहीत त्याला येत नाही. सगळा जन्म या धंद्यात घालवून मला एवढंच कळलं, आणि इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण संपादकसाहेबांनी पानं मोकळी ठेवलीत म्हणतात. मोकळी पानं बघून मला घाम फुटतो, म्हणून भरतो.

लिहायची सवय नाही. आठवीत दोनदा बसलो आणि मग शाळेने मला आणि मी शाळेला सोडलं. ऱ्हस्व-दीर्घ मुलीने बघितलंय. मतं माझी आहेत. तिला ती पटलेली नाहीत.

आता सीडी ऐकतं कोण? आमच्या डोणगावाकडच्या बहुतेक सीड्या वावरात आहेत. दोरीला बांधून मक्यात टांगतात. वाऱ्यावर फिरतात, उन्हात चमकतात, पाखरं बिचकतात. त्यात भजनं असतात, शपथविधी असतात, कोणाच्या तरी लग्नाची अख्खी वरातही असते. मला वाटतं, इतकं उपयोगी काम त्यांनी घरात असताना कधी केलं नाही. गाणी सगळी पेन ड्राइव्हमध्ये गेली, तिथून मोबाइलमध्ये गेली. सीडीपाशी राहिले दोनच प्रकारचे लोक. एक, ज्यांच्याकडे दुसरं काही नाही ते. दुसरे, ज्यांच्याकडे सगळं आहे ते. पहिले माझ्याकडे येतात तेव्हा यंत्र पिशवीत असतं. दुसऱ्यांकडे मला जावं लागतं, आणि चप्पल बाहेर काढावी लागते.

सीडी प्लेअर म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. तबकडीवर डोळ्यांना न दिसणारे बारीक खड्डे असतात. खाली एक काचेचा डोळा असतो, मुगाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्यातून किरण निघतो, तबकडीवर आपटून परत येतो, आणि खड्डा आहे, नाही, आहे, नाही, असं वाचत जातो. त्याचे आकडे होतात. त्या आकड्यांचा आवाज करणारी एक चिप असते. झालं. आता ती चिप कधीकाळी महाग होती. आज ती इतकी स्वस्त झालीय की मुलांच्या खेळण्यात बसवतात. लाखाच्या यंत्रातही तबकडी तीच, खड्डे तेच, आकडे तेच. सोन्याच्या तारेतून गेला म्हणून साताचा आठ होत नाही. मग उरलेले पैसे जातात कुठे? डब्यात. डबा मात्र खरंच चांगला असतो. जड असतो. मी उचलून बघितलाय, म्हणून सांगतो.

आमच्याकडे प्लेअर बिघडतो तो कापसाने. कापूस घरात आला की त्याचे तंतू हवेत उडतात आणि त्या काचेच्या डोळ्यावर जाऊन बसतात. झाकण काढावं तर आत कापसाचा पेळू वळून ठेवल्यासारखा. मऊ फडकं, थोडं स्पिरिट, एक फुंकर, यंत्र परत गायला लागतं. पण लोकांना तेवढ्यावर धीर धरवत नाही. संग्रामपूरचे एक गृहस्थ गाड्या बदलत बदलत प्लेअर घेऊन आले होते. मेहुणा डोणगावचा, त्याने आमचं नाव सांगितलेलं. मी उघडला तर डोळ्यावर, चाकांवर, मोटरीवर, सगळीकडे खोबरेल तेल.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"तेल देल्लं बाप्पा," ते म्हणाले. "फिरनारी वस्तू हाय. तेल तं मांगनारच."

मी मान खाली घालून हसलो. ते आमच्या मिस्त्रींनी बघितलं. गृहस्थ गेल्यावर मला म्हणाले, "हासून राह्यला काऊन? फिरनाऱ्या वस्तूले तेल लागते, एवढं त्याले मालूम हाय. तू आलता तवा तुले एवढं तरी मालूम होतं काय?"

नव्हतं.

मिस्त्री म्हणजे वामन खिल्लारे. दुकान त्यांचं, हुन्नर त्यांचा, मी त्यांचा. माझं गाव तिकडे देवगडच्या बाजूला. बहिणीचा नवरा कालव्याच्या कामावर मुकादम होता, तो मला घेऊन इकडे आला. कामं संपली तशी मंडळी पुढच्या जिल्ह्यात निघाली. मी तापाने फणफणलेलो. मिस्त्रींच्या दुकानात माझं उगाच जाणंयेणं होतं, उघडे रेडिओ बघायला. मिस्त्री म्हणाले, राहू द्या पोट्ट्याले, बरा झाला की पाठवतो. बरा झालो. पाठवलं नाही. काकूंनी, म्हणजे त्यांच्या घरच्यांनी, माझं ताट घरच्या ताटांमध्ये मांडलं ते आजपर्यंत हललेलं नाही. माझं लग्न त्यांनीच लावलं.

पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा चुलत्याने विचारलं, "जेवतंस खंय रे?" मी सांगितलं, खिल्लाऱ्यांकडे. ते बौद्ध आहेत हेही सांगितलं. मग माझ्यासाठी चहा आला तो वेगळ्या कपातून. कान गेलेला कप. तो चहा मी प्यायलो नाही. एरवी मी भित्रा माणूस आहे, कुलूप लावलं का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून मागे येतो. पण तो कप तसाच ठेवून उठलो. महागड्या यंत्रांबद्दल माझ्या मनात जी अढी आहे ती कदाचित तिथूनच आली असेल. भांडं वेगळं केलं की चव वेगळी होते म्हणणारी माणसं मला सगळीकडे सारखीच वाटतात.

बुलढाण्याच्या एका साहेबांचं सांगतो. मोठं घर, ऐकायची खोली वेगळी. त्या खोलीत ग्रॅनाइटची लादी, लादीवर पोलादी खुंट्या, खुंट्यांवर प्लेअर. जमिनीचे हादरे वर जाऊ नयेत म्हणून. तारा जमिनीला टेकू नयेत म्हणून त्यांच्याखाली चिनी मातीच्या वाट्या. सीडीच्या कडेला हिरव्या पेनाने रंग दिलेला, म्हणजे किरण बाहेर सांडत नाही. किरण म्हणजे काय ताक आहे? आणि ऐकायला बसले की फ्रिज बंद करायचा. का? तर फ्रिजमुळे वीज घाण होते.

"वीज साफ होते हो, पन दही आंबून जाते," आतून बाईसाहेब म्हणाल्या.

तक्रार अशी, की आवाज थकलाय. मी प्लेअर उघडला. आत धूळसुद्धा नव्हती. ज्याला हात लावावा असं काही दिसेना, आणि सगळ्यालाच हात लावायची भीती. मी नुसता बघत बसलो, मग झाकण लावलं. साहेबांनी सीडी टाकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आहाहा! पडदा उठला!" मी काहीच केलं नाही हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की तोंड परत मिटलं. जाण्यायेण्याचं भाडं घेतलं, मजुरी घेतली नाही. त्यांना वाटलं, केवढा मोठा कारागीर.

आता आमच्या धंद्यातली मुख्य लबाडी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दोन यंत्रं शेजारी ठेवा. एकाचा आवाज केसभर मोठा ठेवा. केसभरच, ऐकणाऱ्याला मोठा आहे हे कळता कामा नये. ऐकणारा म्हणणार, हा साफ आहे. हा मोकळा आहे. याच्यात जीव आहे. आणि तेच यंत्र उचलणार. मोठमोठ्या शहरांतल्या, गालिचा घातलेल्या दुकानांमध्येही हेच चालतं. मिस्त्रींना याची चीड. त्यांनी एक पेटी बनवली होती. तिला दोन नॉब आणि मध्ये एक स्विच. दोन प्लेअर जोडायचे, एकसुरी शिट्टीची सीडी लावायची, मीटर धरून दोघांचा आवाज नॉबने अगदी सारखा करायचा. मग स्विच इकडे तिकडे मारायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, ऐका. डावीकडे गिऱ्हाइकाचं यंत्र, उजवीकडे दुकानाचं, हा आमचा शिरस्ता. पुष्कळ वेळा गिऱ्हाईक म्हणायचं, "दोनी सारखेच वाटते," आणि जुनंच घेऊन घरी जायचं. मिस्त्रींनी अशी किती विक्री घालवली असेल. आवाज वाढवून विकू नये, असं ते म्हणायचे. बाकी उपदेश त्यांनी मला कधी केला नाही.

तर त्या मिस्त्रींचा पुतण्या राहुल गेल्या वर्षी गावी आला.

मिस्त्रींचे थोरले भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेले ते तिकडचेच झाले. जमिनीवरून भावाभावांत काही बोलाचाली झाली आणि येणंजाणं तुटलं. भाऊ वारले तेव्हा मिस्त्री एकटे जाऊन आले आणि आल्यावर त्यांनी कितीतरी दिवस दुकान उघडलं नाही. हा राहुल तिकडेच जन्मलेला, कॉम्प्युटरमधली मोठी नोकरी. तो स्वतःहून, न बोलावता, गाडी चालवत आला. दारात उभा राहिला तर काकूंच्या हातातलं सूप खाली पडलं. हुबेहूब थोरल्यांचा चेहरा.

गाडीतून त्याने एक खोकं काढलं. आत सीडी प्लेअर. त्याने स्वतःसाठी आणखी वरचा घेतला होता, म्हणून हा आपल्या विहाराला दान. किंमत त्याने सांगितली नाही, मी ओळखली, आणि लगेच खोक्यापासून दोन पावलं मागे सरकलो.

आता विहाराला लागून, त्याच टिनाच्या छपराखाली, एक खोली आहे. अभ्यासिका. गावातली मुलंमुली तिथे परीक्षांचा अभ्यास करतात. टिनं गंजून चाळणी झालेली, पावसात पुस्तकं मांडीखाली घेऊन बसतात. नवी टिनं टाकायला बायकांनी घरोघर वर्गणी जमवली होती, पुढे होत्या काकू. राहुल विहाराच्या बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, प्लेअर माझ्याकडून. पण त्याच्या तोडीचा अॅम्प्लिफायर हवा, तशीच स्पीकरची पेटी हवी, तशा केबल हव्यात. "नाहीतर त्या प्लेअरवर अन्याय होईल."

आमच्याकडे पुंजाजीबाबा आहेत. वय झालंय, पण जीभ अजून वयात आलेली नाही. ते म्हणाले, "म्हंजे हत्ती फुकट अन् चारा आपला. अन् चारा कोनता, तं टिनाचा."

राहुल रागावला नाही. चांगल्या आवाजाने मन शांत होतं, वंदनेत फरक पडतो, मुलांना चांगलं ऐकायची सवय लागायला हवी, असं मनापासून सांगत राहिला. वाईट मुलगा नाही तो. ही माणसं वाईट नसतातच. वाईट असती तर तोंडावर हसता तरी आलं असतं.

काकूंनी निकाल दिला. "दोनी लावून ऐकू. दुकानातला डबा अन् राहुलचा. आमच्या कानाले फरक कळला तं वर्गनी त्याच्यात. नाई कळला तं टिनं. गुरू लावून दाखवीन."

गुरू म्हणजे मी. गुरुनाथ.

त्या संध्याकाळी मिस्त्री दुकानात माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ डाग द्यायची सोल्डरची तार गुंडाळत आणि उलगडत राहिले. "गुरू, पोरगं पह्यल्यांदा घरी आलं. त्याचं देनं वापस केलं तं पुन्हा काऊन येईन ते? मह्या भावाचं तेवढंच राह्यलं." पुढे काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं, नाही म्हणता तरी आलं असतं.

घरी जेवताना काकू म्हणाल्या, "बराबर लाव बरं गुरू. त्याइचं तोंड पाहू नको. पोट्ट्याइच्या डोक्शावर पानी पडून राह्यलं." ज्यांच्या घरी मी वाढलो त्या दोघांनी माझी एकेक बाही धरली होती.

विहारात दुपारी मांडामांड केली. दोरीवर काकूंची सोलापुरी चादर बांधली, मागे दोन्ही यंत्रं, पेटी आणि मी. पुढे दुकानातलाच अॅम्प्लिफायर आणि स्पीकर, दोघांना तेच. वंदनेच्या एकसारख्या दोन सीड्या. आमचं यंत्र म्हणजे कोणीतरी टाकून दिलेला डीव्हीडी प्लेअर, झाकण नसलेला. त्याच्यावर वर्तमानपत्र घातलं की दुकानातलं मांजर झोपतं. राहुलच्या यंत्राला विजेची जी तार होती ती मनगटाएवढी जाड. अजगर. वळवली तर वळेना. विहारातला सॉकेट उजवीकडे, आणि ती तार डाव्या बाजूपर्यंत जायलाच तयार नाही. त्यामुळे त्याचं यंत्र उजवीकडे ठेवावं लागलं, आमचं डावीकडे. मी शिट्टी लावली, मीटर धरलं, दोन्ही सारखे केले. परत तपासले. मग परत.

तेवढ्यात मिस्त्री चादरीमागे आले. "तू स्विच मार. मी बसतो पेटीपाशी," म्हणाले. मी सरकून जागा दिली. त्यांना त्यांच्या पेटीपाशी बसू नका म्हणणारा मी कोण?

पुढे राहुलने सतरंजीच्या बरोबर मध्यावर बैठक मारली होती आणि लोकांना सरकवत होता. "मध्येच बसायला लागतं. कडेला बसलं की आवाजाची खोली कळत नाही."

"खोली इथं एकच हाय बाप्पा," पुंजाजीबाबा म्हणाले, "अन् तेबी गळते."

वंदना सुरू झाली. मी स्विच मारत राहिलो. पहिला, दुसरा. पहिला, दुसरा. बायका एकमेकींकडे बघत होत्या.

"दोनीइत तेच तं म्हनून राह्यले."

"मले पह्यला बरा वाटला. नाई, दुसरा. थांब बाई."

राहुल डोळे मिटून बसला होता. कपाळावर आठी. त्यालाही सापडत नव्हतं, आणि सापडत नाही हे त्याच्या चेहऱ्यावर मला चादरीच्या फटीतून दिसत होतं. मिस्त्रींनाही दिसलं. त्यांच्या भावाचा चेहरा होता तो.

आणि मग मी मिस्त्रींचं बोट बघितलं. ते नॉबवर गेलं. डाव्या. केसभर फिरलं.

डावीकडे गिऱ्हाइकाचं यंत्र, हा शिरस्ता. त्यांच्या हाताला तेच माहीत, आणि डोळे यंत्रांकडे नव्हते, फटीकडे होते. मी यंत्रं उलटी मांडलीत हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर आवाज वाढवून एक रेडिओसुद्धा विकला नाही, त्याने भावाच्या मुलासाठी नॉब फिरवला, आणि फिरवला तो मांजर झोपणाऱ्या डब्याचा.

त्यांना थांबवणार कसं? चादरीच्या पलीकडे गाव बसलेलं. हाताने स्विच मात्र मारला, सवयीने.

"हा!" राहुल ओरडलाच. डोळे उघडले, चेहरा उजळला. "हा माझा! ऐका, केवढा मोकळा झाला आवाज. गळ्यातला श्वाससुद्धा ऐकू येतोय. दादा, आता दुसरा लावा."

मी दुसरा लावला. त्याचा, लाखाचा.

"बघितलंत? हा डबा. आवाज कसा कोंडल्यासारखा. सॉरी दादा, तुम्ही छान बनवलाय, पण शेवटी डबा तो डबा."

बायकांनाही आता फरक कळायला लागला होता. हो बाई, पह्यलाच साफ हाय. मिस्त्री माझ्याकडे बघून हसले. समाधानाचं, जरा लाजल्यासारखं हसू. ते मला बघवेना. मी मान हलवून त्या अजगराकडे बघितलं. त्यांनी माझ्या नजरेमागे नजर नेली. सॉकेटपासून तार, तारेपासून यंत्र. हसू तसंच राहिलं आणि चेहरा त्याच्या मागून निघून गेला.

"झालं ना?" काकू म्हणाल्या. "उचल चादर."

मी चादरीचं टोक धरलं आणि धरूनच राहिलो. "एकदा परत लावतो," म्हणालो. "अजून एकदा ऐकून..."

"कोकन्या," पुंजाजीबाबा म्हणाले, "चादर काय आंगाले चिकटली काय बे?"

मिस्त्री उठले. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले आणि चादर बाजूला न करता तिला वळसा घालून लोकांसमोर गेले.

"माही चुकी झाली," ते म्हणाले. "म्या बटन फिरवलं. राहुलचा वाढवाले गेलतो, दुकानातला वाढवला."

विहारात शेजारच्या चक्कीचा आवाज येत होता, तो आधीही येत असणार.

काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. "काऊन फिरवलं?"

"काऊन म्हंजे? मह्या भावाचं पोरगं हाय."

काकूंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

राहुल चादरीमागे आला. तार बघितली, नॉब बघितले, माझ्याकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाला होता. मला वाटलं आता खोकं उचलेल. पण या लोकांची श्रद्धा अशी नसते. बाहेर जाऊन तो म्हणाला, "इथे निवाडा होऊच शकत नाही. या गंजक्या पत्र्याखाली कुठलंच मशीन नीट वाजणार नाही. आधी वरचा पत्रा..."

तो मध्येच थांबला. पण पुंजाजीबाबा थांबणाऱ्यांतले नाहीत.

"म्हंजे पह्यले टिनं बदलाव लागते. हाव ना? पोट्टा शिकेल हाय. बराबर बोलला."

असं हसू पिकलं की चक्की ऐकू येईना. वर्गणी टिनांना गेली. तिथल्या तिथे, राहुलच्याच तोंडून.

राहुल हसला नाही. संध्याकाळी निघाला. प्लेअर मागच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा बांधला, लहान मुलाला बांधतात तसा. मिस्त्री म्हणाले, "उद्या जाय ना बाप्पा." तो म्हणाला, "ऑफिस आहे काका." गाडी मेहकरच्या बाजूला वळेपर्यंत मिस्त्री रस्त्यावर उभे होते. आणि वळल्यावरही.

मला वाटलं, आता माझं इथलं संपलं. इतकी वर्षं झाली, नातवंडं व्हायची वेळ आली, तरी मला आतून नेहमी वाटतं की एक दिवस कोणीतरी म्हणेल, बरा झालास ना, आता जा. मी मिस्त्रींना म्हणालो, "यंत्रं उलटी ठेवलीत हे मी सांगायला पाहिजे होतं."

"सांगतलं असतं तं म्या बराबर बटन फिरवलं असतं," ते म्हणाले. "अन् पोट्टे भिजले असते. नाई सांगतलं तेच बरं." मग पेटीची तार गुंडाळत, "पन ते पोरगं गेलं रे."

टिनं बसली. निळी, चकचकीत. मुलं खाली कोरडी बसतात. मिस्त्री दुकानात येत, मोबाइल समोर ठेवत, तो वाजला की चष्मा न लावताच उचलत. वीजबिलवाला असे, गिऱ्हाईक असे. महिने गेले. मी माझ्या मनात त्या अजगरी तारेला, ग्रॅनाइटच्या लाद्यांना, हिरव्या पेनांना शिव्या घालत राहिलो. दुसरं काय करणार?

परवा फोन आला. मिस्त्रींना हल्ली ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकरवर ठेवतात. राहुलचा आवाज. घरचं विचारलं, तब्येतीचं विचारलं, मग जरा घुटमळला.

"काका, एक सल्ला हवा होता. नवी केबल बघतोय. चांदीची आहे. घेऊ का?"

मी सोल्डर खाली ठेवला. चांदीची केबल! अख्ख्या दुकानाची किंमत होणार नाही त्या केबलएवढी.

"चांदीची?" मिस्त्री म्हणाले. "घे ना बाप्पा! चांदी ते चांदीच. फरक पडते."

हे मिस्त्री म्हणाले. पेटी बनवणारे मिस्त्री. मी तोंड उघडलं. त्यांनी हाताने मला दटावलं, गप्प बस.

"गुरुदादा आहेत का?" राहुल विचारत होता. "त्यांना विचारायचं होतं. ते स्पष्ट सांगतात."

मिस्त्रींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. आतल्या दारात काकू येऊन उभ्या राहिल्या, हाताला पीठ तसंच.

"दादा, पडेल का फरक? खरं सांगा."

या लेखात मी वर जे जे लिहिलंय ते सगळं त्या क्षणी माझ्या जिभेवर होतं. खड्डे, आकडे, सात आणि आठ.

"पडेल," मी म्हणालो. "पण किती पडेल ते मिस्त्रींच्या कानाशिवाय सांगता यायचं नाही. सुट्टीत केबल इकडेच घेऊन या. लावून बघू."

"येतो," राहुल म्हणाला. "चार दिवस काढूनच येतो."

"त्याले विचारा," काकू दारातूनच ओरडल्या, "वांग्याची भाजी खाते काय ते?"